मलकपेठ ते तंजावर

कोणत्याही लग्नात, मुंजीत किंवा गणेशोत्सवात आम्हांला विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो, "मुले कोणत्या शाळेत?" हैदराबादेत चार मराठी माणसे एकत्र आली म्हणजे गाव, आडनाव आणि शाळा या तीन गोष्टींवर ओळख पक्की होते. गाव आम्ही सांगतो, आडनावही सांगतो. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र चार वर्षे आमची जीभ अडखळत होती. कारण आमची मुले कोणत्याच शाळेत नव्हती. ती घरी शिकत होती.

सरकारी भाषेत अशा मुलांना 'शाळाबाह्य' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाबांच्या, म्हणजे मुलांच्या आजोबांच्या, चेहऱ्यावर जी छाया पडली ती आम्ही अद्याप विसरलो नाही. बाबांनी एकतीस वर्षे याच शहरात मराठी माध्यमाच्या वर्गांना मराठी शिकवली. परभणीकडचे आमचे घराणे निजामाच्या राजवटीत नोकरीनिमित्त इकडे आले आणि मलकपेठेत स्थिरावले. १९०७ साली विवेकवर्धिनी निघाली तेव्हापासून इथल्या मराठी कुटुंबांनी शाळेला देवघराच्या खालोखाल मान दिला आहे. अशा घरातील नातवंडांनी दप्तर खुंटीला टांगून ठेवावे, हे बाबांच्या दृष्टीने घराण्याला लागलेले ग्रहणच होते.

आम्ही हा निर्णय काही मोठ्या तत्त्वासाठी घेतला नव्हता. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती आणि धाकटा पाच वर्षांचा. पुढे शाळा उघडल्या, धाकटा जाऊ लागला. पण रोज सकाळी साडेसातला त्याचे पोट दुखू लागे आणि रविवारी दुखत नसे. अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नसत. तेलुगू, हिंदी, इंग्रजी अशा तीन लिप्या एकदम अंगावर आल्या आणि मूल गप्प झाले. त्याला 'आळशी' म्हटले गेले. तीन महिने आम्हीही तेच म्हणत होतो, हे कबूल केले पाहिजे. शेवटी त्याला घरी ठेवले. आणि एकाला घरी शिकवायचे तर दुसरीलाही का नको, अशा सोईस्कर हिशेबाने मुलीलाही काढून घेतले. तिला आम्ही विचारले होते. ती 'हो' म्हणाली होती. नऊ वर्षांच्या मुलीच्या होकाराला किती वजन द्यावे, हे तेव्हा आम्हांला कळले नाही.

कायद्याचे म्हणाल तर २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा मिळावी असे सांगतो. घरी शिकवणाऱ्यांचे काय, यावर तो स्पष्ट बोलत नाही. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा देता येते आणि त्या विषयांत मराठीही आहे. या आधारावर आम्ही संसार रेटत होतो. बाबा विरोधात होते, पण घरात शब्दाने भांडण नव्हते. ते फक्त दुपारी चार वाजता, शाळा सुटण्याच्या वेळेला, गॅलरीत जाऊन उभे राहत.

२०२४ च्या दिवाळीत बाबांनीच विषय काढला. म्हणाले, "तुमच्या या शिक्षणाची एकदा परीक्षा होऊ द्या. मुलांना घेऊन कुठेतरी जा. मी बरोबर येतो. परतल्यावर मला जे वाटेल ते मी स्पष्ट सांगेन आणि तुम्ही ते ऐकायचे." आम्ही मान्य केले. मार्गही त्यांनीच आखला : १६७७ साली शिवाजी महाराज भागानगरला आले, अबुल हसन कुतुबशहाला भेटले आणि येथून दक्षिणेला निघाले, त्या वाटेने तंजावरपर्यंत. "दक्षिण दिग्विजय आपल्या दारातून गेला," बाबा म्हणाले, "आणि आपण तो पुस्तकात पाठ केला."

निघण्यापूर्वीचा पहिला धडा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर झाला. आमच्या भागात टेकाडावर मोसियो रेमंड या फ्रेंच सेनापतीची समाधी आहे. आम्ही रोज त्या बाजूने जातो. मूसारामबाग हे नावही त्याच्याच नावाचा अपभ्रंश मानतात. हा रेमंड निजामाचा नोकर. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत तो मराठ्यांविरुद्ध लढला आणि १७९८ मध्ये वारला. धाकट्याने विचारले, "म्हणजे आपण शत्रूच्या शेजारी राहतो?" बाबांनी उत्तर दिले, "दोनशे वर्षे शेजारी राहिल्यावर शत्रू राहत नाही, पत्ता होतो."

संक्रांतीचे तीळगूळ डब्यात भरून २०२५ च्या जानेवारीत आमची जुनी गाडी मलकपेठेतून निघाली. पुढे आम्ही उभयता, मागे दोन मुले आणि मधे आजोबा. खिडकीच्या जागेवरून भांडण होऊ नये म्हणून ते मधे बसले. भांडण तरीही झालेच.

कर्नूलच्या अलीकडे तुंगभद्रेकाठी आलमपूर लागते. चालुक्यांच्या काळातील तिथली नवब्रह्म मंदिरे पाहिली, पण मुले रमली ती संगमेश्वराच्या देवळापाशी. हे देऊळ मूळचे इथले नव्हे. श्रीशैलमच्या धरणाच्या पाण्यात ते बुडणार म्हणून चिरा न् चिरा सुटा करून इथे आणून पुन्हा उभारले. दगड पुन्हा त्याच जागी बसावेत याची काळजी कशी घेतली असेल, यावर धाकटा पुढचे वीस किलोमीटर बोलत होता. दुसऱ्या दिवशी आत्मकूरच्या बाजूला कृष्णेच्या संगमावर गेलो. बखरीत ज्याला निवृत्तिसंगम म्हटले आहे आणि महाराजांनी जिथे स्नान केले तो हा भाग. इथेही एक संगमेश्वर आहे. पण तो हलवला नाही. वर्षातले बहुतेक महिने तो धरणाच्या पाण्याखाली असतो आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येतो. आम्हांला जानेवारीत दिसले ते केवळ पाणी. एक नावाडी बोटाने दाखवून म्हणाला, "तिथे खाली आहे." मुले बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिली. पुस्तकात चित्र असते. इथे काहीच नव्हते, आणि तरी दोघांनाही ते देऊळ पुढे सगळ्यांत जास्त आठवले.

नल्लमलाच्या जंगलातून घाट चढून श्रीशैलमला पोचलो. इथे महाराजांना विरक्ती आली आणि ते आपले मस्तक देवीला वाहावयास निघाले, असे सभासदाने लिहिले आहे. मुलीने विचारले, "एवढ्या मोठ्या राजाला सगळे सोडून द्यावेसे का वाटले?" आम्ही इतिहासाची उत्तरे जुळवू लागलो, तोच बाबा म्हणाले, "थकला असेल गं बाळ. माणसे थकतात." मुलगी त्यावर काही बोलली नाही. आम्हीही पुढे गेलो. ती कोणाबद्दल विचारत होती हे आम्हांला दोन दिवसांनी समजायचे होते.

कडप्पा आणि तिरुपती वाटेत झाले. तिरुपतीच्या अलीकडे चाक बसले आणि भर उन्हात दीड तास गेला. जॅक कसा उचलतो, थोड्या जोराने मोठे वजन का उचलले जाते, हे धाकट्याने मेकॅनिकच्या शेजारी बसून शिकून घेतले. मेकॅनिक तमिळमिश्रित तेलुगू बोलत होता. आमचा मुलगा, जो वर्गात उभे राहून दोन ओळी म्हणू शकत नसे, तो त्याच्याशी अखंड बोलत होता. वेल्लोरचा भुईकोट, त्याचा रुंद खंदक आणि समोरच्या डोंगरांवरचे साजरा आणि गोजरा पाहिले. विजापूरकरांच्या अब्दुल्लाखानाने हा किल्ला सुमारे चौदा महिने लढवला आणि १६७८ मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. दोन किल्ल्यांना अशी लाडकी नावे देणाऱ्या माणसांचे मराठीच ऐकत राहावे, असे बाबांना वाटले. ते दोन्ही शब्द पुनःपुन्हा उच्चारत राहिले.

मग जिंजी. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन डोंगरांना तटाने बांधून केलेला हा किल्ला. १६७७ मध्ये महाराजांनी तो घेतला आणि त्यांच्या मागे त्यानेच राज्य वाचवले. रायगडाला वेढा पडल्यावर राजाराम महाराज इथे आले आणि झुल्फिकारखानाचा वेढा सोसत जवळजवळ आठ वर्षे मराठ्यांची गादी या परमुलखात टिकून राहिली. १६९८ च्या आरंभी किल्ला पडला तेव्हा राजाराम निसटून गेले होते. मराठी मुलखापासून इतक्या दूर येऊन तग धरण्याची ही कथा बाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांना अधिक जवळची वाटावी. पुढे २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा एकच किल्ला हा.

त्या दिवशी जिंजीवर एका तमिळ शाळेची सहल आली होती. गणवेशातील चाळीस-पन्नास मुली पायथ्याच्या सावलीत डबे उघडून बसल्या होत्या. एकीचा लिंबूभात दुसरीच्या डब्यात, दुसरीचे लोणचे तिसरीच्या. त्यांच्या बाई ओरडत होत्या आणि कोणी ऐकत नव्हते. आम्ही राजगिरीच्या पायऱ्या चढू लागलो. मुलगी मागे राहिली. पाय दुखतो म्हणाली आणि आजोबांजवळ खालीच बसली. आम्ही धाकट्याला घेऊन वर गेलो, वारा घेतला, वेढ्याची कल्पना केली आणि फार समाधानाने खाली आलो.

रात्री मुक्कामाच्या खोलीत बाबांनी आम्हांला बाहेर व्हरांड्यात बोलावले. म्हणाले, "तिचा पाय दुखत नव्हता." नंतर मुलगी आपणहून आली. ती रडली नाही. तिने अगदी नीट, वाक्ये जुळवून सांगितले. म्हणाली, "मला सगळं आवडतं. तुम्ही शिकवता तेही आवडतं. पण वर्गात एक बाक माझा असायचा. शेजारी कोणीतरी असायचं. आता मी सगळीकडे पाहुणी असते." थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "त्याला त्रास होता म्हणून आपण घरी आलो. मला नव्हता."

तिच्या त्या शेवटच्या दोन शब्दांवर आमच्याजवळ उत्तर नव्हते. चार वर्षे आम्ही दोन मुलांना एकच औषध देत होतो आणि एकाचा ताप उतरला याच आनंदात होतो. शाळा एका साच्यात सगळ्यांना घालते, अशी तक्रार करून आम्ही बाहेर पडलो आणि घरी येऊन तेच केले. 'आम्ही तुला विचारले होते' हे वाक्य ओठांवर आले होते. ते गिळले, एवढे मात्र बरे केले. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांना जिंकल्यासारखे वाटत असेल अशी आमची समजूत होती. परंतु ते नुसते तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

तंजावरला जाताना कोळ्ळिडम ओलांडताना गाडी थांबवली. याच नदीच्या काठी तिरुमळवाडीला १६७७ च्या जुलैत महाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजी भेटले. महाराजांनी वडिलांच्या मिळकतीत अर्धा वाटा मागितला. व्यंकोजी रात्री नदी उतरून निघून गेले. मुलांना ही गोष्ट फार आवडली, कारण त्यात लढाई नसून भावांचे भांडण होते. "म्हणजे खिडकीच्या जागेवरून," धाकटा म्हणाला. आदल्या रात्रीनंतर गाडीत पहिल्यांदा सगळे हसले. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती.

तंजावर १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजींच्या हाती आले आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले. तेथील दुसऱ्या शहाजी राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटके लिहिली. सांगलीला विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' १८४३ चे. दुसऱ्या सरफोजींना (१७९८ ते १८३२) बाबा 'आमच्या जातीचा राजा' म्हणतात, म्हणजे मास्तर. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते शिकले. राजे झाल्यावर त्यांनी नवविद्याकलानिधी शाळा काढल्या, देवनागरी छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टी मराठीत 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापून घेतल्या. १८२० ते १८२२ या काळात हा राजा मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेलाही जाऊन आला. सरस्वती महालात त्यांच्या इंग्रजी सहीची पुस्तके, ताडपत्रे आणि मोडी कागद पाहताना मुलीने विचारले, "यांची शाळा घरी होती की बाहेर?" आम्ही म्हणालो, "स्वतःची त्या मिशनऱ्यापाशी झाली. दुसऱ्यांसाठी मात्र त्यांनी बाहेर काढली." ती हसली.

बृहदीश्वराच्या मंदिरात, आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. चोळांच्या देवळाच्या दगडावर ओळींमागून ओळी देवनागरी! बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला आणि एकतीस वर्षांच्या सवयीने मोठ्याने वाचू लागले. अर्ध्या ओळीतच अडखळले. अक्षरे एकमेकांना खेटलेली, वळणे जुनी, काही ठिकाणी दगड झिजलेला. शब्द कुठे तुटतो ते कळेना. आम्ही प्रयत्न केला, मुलीने केला. भराभर वाचण्याची सवय असलेले आम्ही सगळे दोन अक्षरांपुढे जाईनात.

धाकटा मात्र नेहमीसारखाच वाचत होता. एक अक्षर, मग थांबायचे. दुसरे अक्षर, मग पहिल्याकडे परत यायचे. जगातील प्रत्येक ओळ त्याने अशीच वाचली आहे. भिंतीला हात न लावता हवेत बोट फिरवत तो म्हणाला, "शि… वा… जी." नंतर पुढचा शब्द, त्याच्या पुढचा. बाबा त्याच्याशेजारी येऊन उभे राहिले आणि त्याने सांगितलेली अक्षरे जोडून अर्थ लावू लागले. अर्ध्या तासात दोघांच्या मिळून तीन ओळी झाल्या. बाबा नंतर एवढेच म्हणाले, "माझ्या वर्गात अशी पोरे दरवर्षी दोन-तीन असत. मी त्यांना मागच्या बाकावर बसवीत असे." ते वाक्य त्यांनी आम्हांला उद्देशून म्हटले नव्हते.

तिथेच एक वृद्ध बाई आमचे बोलणे ऐकून थबकल्या. नऊवारी नव्हे, पण नेसण्याची ढब वेगळी, नाकात चमकी. त्या आमच्याशी मराठीत बोलू लागल्या. हेल तमिळचा, काही शब्द आम्ही कधी न ऐकलेले, पण क्रियापदे अगदी घरची. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या हीच भाषा चालत आली होती. बाबांनी उत्साहाने भिंतीकडे बोट दाखवले. बाई संकोचून म्हणाल्या की बोलता येते, वाचता येत नाही. ही लिपी त्यांच्या आजीलाही येत नव्हती, घरी पत्रे मराठीत असत पण तमिळ अक्षरांत.

परतीच्या वाटेवर, बंगळूर-अनंतपूरच्या लांबच लांब रस्त्यावर, बाबांनी आपला निकाल दिला. कबूल केल्याप्रमाणे आम्ही ऐकत होतो. ते म्हणाले, "त्या बाईंची भाषा साडेतीनशे वर्षे कोणी टिकवली? शाळेने नाही. स्वयंपाकघराने. मी आयुष्यभर समजत होतो की मराठी आम्ही मास्तर लोकांनी टिकवली. आमचे मराठीचे वर्ग तर मुलांअभावी बंद पडले. भाषा घराघरांत आहे तेवढी आहे. पण लिपी? ती घराला पेलली नाही. बाईंच्या हातून तीन पिढ्यांपूर्वीच गेली. त्यासाठी कोणीतरी फळ्यापुढे उभे राहावे लागते, आणि समोर एकापेक्षा जास्त मुले असावी लागतात." मग थोडे थांबून म्हणाले, "तेव्हा तिला शाळेत घाला. त्याला घालू नका. आणि दोघांची मराठी माझ्याकडे."

सव्वादोन हजार किलोमीटर चालून आम्हांला जे कळले ते बहुधा शेजारच्या घरातही कळले असते, असे कोणी म्हणेल. कदाचित. पण घरात असतो तर मुलीने ते सांगितले नसते आणि आम्ही विचारले नसते, असे आम्हांला वाटते.

२०२५ च्या जूनमध्ये मुलगी शाळेत गेली. चार वर्षांचे अंतर भरून काढणे सोपे नव्हते. गणितात ती मागे पडली, पहिल्या चाचणीत कमी गुण आले, आणि तो दोष तिचा नसून आमचा आहे हे आम्ही तिला सांगितले. बाक मात्र मिळाला आहे. शेजारणीच्या डब्याचे वर्णन आम्हांला रोज ऐकावे लागते. त्या शाळेत मराठी नाही, याचे दुःख आहेच. धाकटा घरीच आहे. अजून सावकाश वाचतो. चौदा पूर्ण झाल्यावर मुक्त विद्यालयाची परीक्षा देईल, आणि कधी त्यालाही बाक हवासा वाटला तर तेव्हाचे तेव्हा पाहू. या वेळी मात्र दर सहा महिन्यांनी विचारायचे, असे ठरवले आहे.

बाबा आता दुपारी चार वाजता गॅलरीत उभे राहत नाहीत. त्या वेळी आमच्या बैठकीत फळा लागतो. आमची दोन आणि गल्लीतील मराठी घरांतली आणखी तीन, अशी पाच मुले चटईवर बसतात. घरी मराठी बोलणारी, पण 'क' आणि 'फ' यांत गोंधळणारी. सगळ्यांत सावकाश वाचणाऱ्याला बाबा पहिल्या रांगेत बसवतात.

परवा एका मुंजीत पुन्हा तो प्रश्न आला, "मुले कोणत्या शाळेत?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच बाबा म्हणाले, "एक जाते, एक जात नाही. आणि दोघेही माझ्याकडे येतात. तुमचीही पाठवा, चार वाजता, मलकपेठ."